साहेबाची म्हस, आबाची धार

गुडगाव, ८ सप्टेंबर

दादा,

आणि वर म्हणतोस, कुत्री धुणाऱ्यानं मला शहाणपण शिकवू नये. व्हय, धुतो मी कुत्री. कामाला लावलं कुणी? तूच की. तुझ्या टॉवरातल्या पाचव्या मजल्यावरच्या बाईंची बहीण इथं कुत्र्यांचं हॉटेल चालवती, तिला जनावरातला माणूस पायजे, असं म्हणून तूच मला रेल्वेत बसवलंस. तवा कुत्री चांगली होती. मी आपल्या गजरी म्हशीचं नाव काढलं आणि कुत्री वंगाळ झाली.

फोन ब्लॉक केलास म्हणून कागद लिहितोय. आठवीतनं शाळा सुटलेल्याचं अक्षर हाय, लावून घे. फोन नुसत्या बोटानं कापता येतो, कागद फाडायला तरी हातात धरावा लागतो. वैनी, हे आधी तुमच्या हातात पडलं तर तुम्ही वाचा. तुमच्यावर माझा राग न्हाय.

गोठा पाडला तवा मी गप बसलो. जागा मालकाची, मालकानं विजयसिंहसाहेबाला विकली, आपल्या हातात काय नव्हतं. तिथं बारा मजली गगनश्री उभी राहिली, साहेबानं तुला सुपरवायझर केलं, मी म्हटलं बरं झालं, घरात महिन्याचा पगार आला. मागच्या मोकळ्या प्लॉटात पत्रं टाकून म्हशी बांधल्या, तर वरनं तक्रारी सुरू. शेणाचा वास येतो, माश्या येत्यात. आणि तीच माणसं संध्याकाळी गाडी काढून गंगावेशीच्या कट्ट्यावर यायची, आबाच्या हातचं निरसं दूध प्यायला. म्हशीच्या बुडाला उभं राहून फोटो काढायची. पोरांना सांगायची, बघ बाळा, हे खरं दूध. त्यांना दूध पायजे, म्हस नको.

मग नोटीस आली, गजरी सोडून सगळ्या म्हशी विकून टेम्पोत चढल्या, गजरीचं रेडकू पण चढलं. त्या दिवशी तू टेम्पोवाल्याशेजारी उभा राहून बिडी ओढत होतास. ते पण मी गिळलं.

पण गजरी विजयसिंहाला? दिवाळीच्या पाडव्याला म्हस सजवायची, फटफटीमागं पळवायची, ती तिच्या धन्यानं. धन्याचा आवाज ओळखून ती गर्दीतनं मागं येती, ह्यातच सगळा मान हाय. गल्लीत आजपर्यंत कुणी मानाची म्हस विकत आणून पळवलीया? ज्याच्यामुळं गोठा गेला त्यालाच गोठ्यातली शेवटची म्हस दिलीस, आणि मला वैनीकडनं कळतंय.

काल आबाशी बोललो. साहेबाच्या फार्महाऊसवर, पन्हाळा रोडला, गजरी कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हाय म्हणून आबा दोन टायमाला बसनं जातोय, हे पण मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आरं, तिच्या डोक्यावर दोन फॅन हायत," आबा म्हणाला. "फरशी तर अशी, आपल्या देवघराला नव्हती."

"मग बरं चाललंय म्हण की."

"तिचं बरं हाय. फरशीवर पाय सरतो तेवढा."

"आणि तुझं?"

"मला काय धाड भरलीया. धार काढतो, किटली भरून देतो, महिन्याला पगार देत्यात. येताना पावशेर दूध बी देत्यात."

देत्यात. सगळ्या पेठेला दूध घालणारा माणूस पावशेर दुधाला 'देत्यात' म्हणतोय.

माझ्या हातात तवा एका हस्कीचा पट्टा होता. हे कुत्रं बर्फातलं, त्याला इथला उन्हाळा सोसत न्हाय म्हणून त्याच्या खोलीत रातध्याड एसी. प्रत्येक खोलीत कॅमेरा हाय. कुत्र्याचे मालक दुबईत बसून बघत्यात, मग हॉटेलवाल्या मॅडमचा फोन येतो, यश, ऑस्कर का मुँह कैमरे की तरफ करो. मी करतो. त्याचं तोंड धरून कॅमेऱ्याकडं करतो आणि त्याच्यामागं मी दिसू नये म्हणून खाली वाकतो. तसा नियमच हाय.

आबाला त्या फार्महाऊसवर पाठवू नको. एवढंच सांगायला लिहिलं.

यश

गुडगाव, २९ सप्टेंबर

दादा,

माझी गाडी कुणाला विचारून काढलीस?

तुझं पत्र मिळालं. चार ओळी आणि त्यातल्या दोन साहेबाच्या कौतुकाच्या. त्यांच्या पोरानं नवी बुलेट आणली, सायलेन्सर काढला, फार्महाऊसच्या रस्त्यावर रेस करून करून पेट्रोल संपवलं, गजरी जाग्यावरनं हालली न्हाय. हे वाचून मी हसलो. इथली पोरं विचारत होती, क्या हुआ मराठे, लॉटरी लगी क्या. मग पुढं वाचलं. कुणीतरी साहेबाला अक्कल दिली की तिला जुन्या फटफटीच्या आवाजाची सवय हाय, आणि तू ताडपत्री काढून माझी आरएक्स नेऊन दिलीस.

गाडी चालू केल्यावर गजरीनं कान टवकारलं, चार पावलं आली, मग उभी राहिली आणि इकडंतिकडं बघत राहिली, असं लिहिलंयस. कुणाला बघत होती, ते लिहायला तुझा पेन अडला.

आणि आता म्हणतोस मी यावं. साहेब विमानाचं तिकीट काढतील. जायचं, गाडीवर बसायचं, गजरीला हाक मारायची, गल्लीगल्लीनं पळवायची आणि परत यायचं. अंगात साहेबाचा फोटो असलेला टी-शर्ट. गजरीच्या बरगडीवर केस कातरून 'गगनश्री' लिहिणार. दादा, तिच्या बरगडीवर आजपर्यंत आपण काय कातरलंय? आईचं नाव. आई गेली त्या वर्षीपासनं आबा स्वतः कातरी घेऊन बसतोय, कुणाला हात लावू देत न्हाय. ह्या वर्षी त्याच जागी फ्लॅटची जाहिरात.

तू लिहिलंस, "एका दिवसाचा प्रश्न हाय. मान काय चुलीवर शिजत न्हाय." न्हाय शिजत. पण तुझ्या साहेबाकडं शिजवायला सगळं हाय, तरी तो मानच मागतोय. टॉवर हाय, फार्महाऊस हाय, पोराला बुलेट हाय. मग एका म्हाताऱ्या गवळ्याच्या म्हशीमागं का लागलाय? ज्याचं पोट भरलंय त्याला कळतंय की मान महाग असतो. उपाशी माणूस तो फुकट देतो आणि वर म्हणतो, शिजत न्हाय.

मी येणार न्हाय. दिवाळीत इथं सीझन असतो. फटाक्यांनी कुत्री भेदरत्यात म्हणून लोक आणून सोडत्यात आणि आपण फिरायला जात्यात. कुत्र्यांसाठी आवाज आत न येणारी खोली केलीया, आत बासरी लावत्यात. एका रात्रीचं भाडं सांगितलं तर तुला राग येईल, आणि तो राग पण माझ्यावरच काढशील.

साहेबाला सांग, यशराजनं न्हाय म्हटलंय. नाव घेऊन सांग.

यश

गुडगाव, १३ ऑक्टोबर

दादा,

आबानं फोन केलता. स्वतःहून. वैनीकडनं नंबर लावून घेतला आणि पहिलं वाक्य काय म्हणाला ठाऊक हाय? "तू न्हाय आलास तरी चालतंय. तुझा बाळासोदादा गाडी चालवंल, मी मागं बसून हाक मारतो."

मी म्हटलं, "आबा, ह्या वयात? रस्त्यावर खड्डे, मागं म्हस पळत्याली, डावीउजवीकडं पोरं फटाके टाकत्यात."

"मग काय झालं? मी हाक मारली की ती येती. दुसऱ्या कुणी मारली आणि गर्दीत बुजली तर माणसं तुडवंल. न्हायतर तिला काठीनं मारत्याली. त्यापरीस मी बरा."

"टी-शर्ट घालणार साहेबाचा?"

"गजरीला काय वाचता येतंय व्हय?" असं म्हणून हसला आणि खोकला. कितीतरी वेळ खोकला. तू त्याला दवाखान्यात नेतोस की साहेबाच्या साइटवरनं सुटका होत न्हाय?

आबा ऐकायचा न्हाय, हे मला कळलंय. ठीक हाय. पण एक गोष्ट मी सोडणार न्हाय आणि ही तू साहेबाला सांगायचीस, हात जोडून न्हाय, ताठ उभा राहून. पळवायच्या आधी घरची बाई म्हशीला ओवाळती ती गोठ्याच्या उंबऱ्यावर. आज्यापासनं चालत आलंय. फार्महाऊसवर, त्या फरशीवर ओवाळायचं न्हाय. साहेबाच्या बायकोनं तर न्हायच. वैनींनी ओवाळायचं, आणि आपल्या गोठ्यावर.

उंबरा आता कुठं राहिलाय, असं म्हणशील. राहिलाय की. उंबऱ्याच्या जागी आता गगनश्रीचं काचेचं दार हाय. दाराबाहेर गजरीला उभी करा, वैनींनी दिवा लावावा, पायावर पाणी घालावं, मग जावा कुठं जायचं तिथं. त्या बारा मजल्यांना एकदा बघू दे, कुणाच्या जागेवर उभं हायत ते.

एवढं झालं पायजे. न झालं तर तुझ्या दारात माझं पाऊल पडायचं न्हाय.

यश

गुडगाव, २७ ऑक्टोबर

दादा,

व्हिडिओ बघितला. तू पाठवला न्हाईस, तरी आला. इथल्या नेपाळी पोरानं दाखवला, ये देख, कोल्हापूर, तेरे गाँव में भैंस लिफ्ट से जा रही है. खाली लोकांनी हसायची चित्रं टाकलीत. एकानं लिहिलंय, फ्लॅट बुक करायला आली वाटतं. मी त्याला सांगितलं न्हाय की ही म्हस आमची हाय. सांगितलं असतं तर पुढचं बघवलं नसतं.

मग वैनींनी फोनवर सगळं सांगितलं.

वैनी ताट घेऊन दारात उभ्या होत्या. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, गजरी शहाण्यागत आली. वैनींनी पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. तोवर ठीक. मग तिनं मान वर केली आणि दाराकडं बघितलं. वॉचमन नवा, त्याला वाटलं ही आत येती, त्यानं घाईनं दोन्ही दारं लावून घेतली. तिच्यासमोर दार लावायला नको होतं दादा. त्या जागेवर रोज धारंच्या टायमाला तिला आत घ्यायचो आपण. बाहेर ठेवून कधी दार लावलंय?

तिनं डोकं घातलं आणि काच साखरेगत सांडली. ती त्यातनं आत गेली, लिफ्टच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिचा खुंटा तिथंच होता. मी डोळं झाकून सांगतो, तिथंच होता. उभी राहिली आणि रवंथ करायला लागली. बाहेर डॉल्बी चालू, हजारभर माणूस, पोरं कोचावर चढून शूटिंग करत्यात, आणि ती रवंथ करती.

पुढच्या पायातनं रक्त येत होतं. व्हिडिओत ते दिसतंय, पण खाली कुणी त्याचं लिहिलं न्हाय. आबा आत गेला. अंगातला टी-शर्ट काढला, साहेबाचा फोटो असलेला, आणि तिच्या पायाला गुंडाळून गाठ मारली. उघड्या अंगानं तिथं त्या चकचकीत फरशीवर बसला. आबाच्या बरगड्या एवढ्या दिसायला लागल्या कधी? तू रोज बघतोस, तुला दिसल्या न्हाईत?

आणि तुझा विजयसिंह चिडला न्हाय. चिडला असता तर मी त्याला माणूस म्हटलं असतं. त्यानं फोन रोखलेल्या सगळ्या पोरांकडं बघून हात वर केलं आणि म्हणाला, "अहो, मालकीणबाई घरी आल्या. चहा टाका की कुणीतरी." सगळी हसली. टाळ्या पडल्या. तू पण हसलास. व्हिडिओत तू डाव्या कोपऱ्यात हाईस, दादा. मी तेवढंच थांबवून थांबवून बघितलं.

तिला उंबऱ्यावर उभी करा असं कुणी सांगितलं, हे तू सगळ्या भावकीत सांगतोयस म्हणं. सांग. मीच सांगितलं. मला काय ठाऊक तिथं दार लावायला नवा वॉचमन ठेवलाय. मला वाटलं ती बाहेर उभी राहील, ओवाळून घेईल आणि परत वळंल, आपण सगळी वळलो तशी. म्हशीला आपल्याएवढी अक्कल न्हाय.

पायाची जखम कशी हाय ते कळव. डॉक्टर बोलावलाय का आबानं नुसती हळद दाबलीया?

यश

गुडगाव, ९ नोव्हेंबर

दादा,

तू फोन केलास, बरं केलंस. जे बोललास त्यातलं काही मी इथं लिहीत न्हाय, कारण कागद आधी वैनींच्या हातात पडतो. पण जे सगळ्यांनी वाचावं असं हाय, ते लिहितो.

काचेचं बिल आबाच्या नावानं काढलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, नुकसानीला जनावराबरोबरचा माणूस जबाबदार. जनावर साहेबाचं, मिरवणूक साहेबाची, टी-शर्टवर तोंड साहेबाचं, आणि बरोबरचा माणूस मात्र आबा. त्या मीटिंगला खुर्च्या तूच लावल्यास, असं सांगितलंस. चहा पण तूच दिलास. बोलला मात्र न्हाईस.

आणि साहेब वर उपकार करतोय. आबाचं नाव घेऊन म्हणतो, केरबाला कुठनं जमणार, बिल फिटंपर्यंत त्यानं फुकट धार काढावी.

मी आबाला फोनवर शिव्या घातल्या. बापाला शिव्या घातल्या मी, लिहून देतो. म्हटलं, जाऊ नको. साहेबाची म्हस हाय, साहेब पिळंल. काय करणार हाय तो तुझं?

आबा म्हणाला, "साहेबाला काय होतंय? त्याला पिशवीतलं दूध मिळतं. कास तिची भरती. परवा पावसानं बस चुकली, मला उशीर झाला, तर सड दगडागत झालतं. हात लावू देईना. मग माझ्या खांद्यावर तोंड ठेवून उभी राहिली. तिला काय सांगू, बिल फिटायचंय म्हणून?"

कळलं का दादा? विजयसिंहाला आबाच्या गळ्यात दावं बांधायला लागलं न्हाय. तो नुसता गजरीला ठेवून घेऊन बसलाय. तिला पान्हा आबाच्याच हाताला सुटतो, आणि ती तटतटून उभी असताना आबा घरी बसू शकत न्हाय, हे त्याला ठाऊक हाय. हे त्याला सांगितलं कुणी? गवळ्याच्या पोराशिवाय कुणाला कळणार? मी विचारत न्हाय. उत्तर नको मला.

मॅडमकडं आगाऊ पगार मागायला गेलतो. त्यांनी विचारलं कशाला. म्हटलं, म्हशीनं काच फोडली. त्यांना आधी वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाल्या, "इन्शुरन्स नहीं है क्या?" कुणाचा, काचेचा का म्हशीचा, का बापाचा, ते मी विचारलं न्हाय. पैसे मात्र दिलं, हे खरं. फाल्गुनापर्यंत मला सुट्टी न्हाय आणि जाग्यावरनं हालायचं न्हाय, असं लिहून घेतलं. इथं एक म्हातारं लॅब्राडोर हाय, त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ह्याच्या चौपट लागलं. ते बरं झालं, चालतंय आता. त्याच्यावर माझा राग न्हाय. ते सकाळी माझ्या पायाशी येऊन बसतं.

आता नीट वाच. पैसे वैनींच्या खात्यावर टाकलेत, तुझ्या न्हाय. सगळे काढायचे. तू आणि आबा दोघांनी जायचं, सोसायटीच्या मीटिंगच्या दिवशीच जायचं, ती सगळी बसलेली असताना. त्या दिवशी खुर्च्या लावायच्या न्हाईत. पैसे टेबलावर ठेवायचे, पावती घ्यायची, आबाच्या नावानं. मग म्हणायचं, काचेचं पैसे आम्ही दिलं, आता फुटकी काच आमची झाली, ती द्या. कचऱ्यात टाकली असंल तर काढून द्या. पोतं बरोबर घेऊन जा. हसली तर हसू दे, तू हसू नको.

दुसऱ्या दिवसापासनं आबाचा पगार चालू, आणि पावशेर न्हाय, दोन लिटर दूध घरी, हे त्याच टेबलावर बोलायचं. आबा बोलणार न्हाय. मी तिथं न्हाय. म्हणजे तुलाच बोलावं लागंल, दादा. नोकरी जाईल असं म्हणत होतास. जाऊ शकती.

ह्यातलं एक रुपयासुद्धा घरात खर्चायचं न्हाय, औषधाला न्हाय, भाड्याला न्हाय. सगळं त्या दाराचं हाय.

बेचाळीस हजार पाठवलेत.

यश